देवकीचं उत्तर

आमच्या घरात दोन तऱ्हेची माणसं होती, होडीतली आणि किनाऱ्यावरची. ही वाटणी आईची. बाबा होडीचे तांडेल, म्हणजे होडी कुठे न्यायची आणि जाळं कधी टाकायचं हे ठरवणारे. त्यांच्या होडीत एकदा जाळं पाण्यात सुटायला लागलं की कोणी तोंड उघडायचं नाही असा दंडक होता. शिंक आली तरी गडी ती गिळून टाकतात, असं आई सांगायची. आई कधी होडीत गेली नव्हती, पण न पाहिलेल्या गोष्टी तिला जास्त चांगल्या सांगता यायच्या. बाबा दोर हातात धरून बसत आणि त्या दोरावरून त्यांना खाली पाण्यात काय चाललंय ते कळे. कसं कळतं, असं मी लहानपणी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी उथळ पाण्यात उभ्या असलेल्या होडीचा दोर माझ्या हातात दिला आणि ते दुसरीकडे बघत बसले. मला काही कळलं नाही, पण त्याबद्दल मी घरी येऊन तासभर बोलले मात्र. किनाऱ्यावरचा कारभार उलटा. आमच्या नरपड गावच्या ओल्या वाळूवर मासळीचे वाटे पडले की भोवती बायकांचं रिंगण बसे, आणि जी आधी बोलेल आणि मोठ्याने बोलेल, तिच्या पाटीत मासळी पडे. गप्प बसणारीने रिकामी पाटी घेऊन घरी जायचं. 'बोलेल त्याचा वाटा' हे आईचं वाक्य आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकत आलो होतो.

आई विचार तोंडाने करायची. तिच्या मनात काय आहे ते तिलासुद्धा आधी ऐकावंच लागे. सकाळी चुलीपाशी ती जाहीर करी, की काही झालं तरी आज सुके बोंबील डहाणू रोडच्या बाजारात न्यायचे नाहीत, गिऱ्हाइकाला गरज असेल तर येईल चालत नरपडला. तांदळाची भाकरी तव्यावर उलटेपर्यंत त्यात दोन अडचणी निघत. पाटी भरेपर्यंत ती स्वतःशीच भांडून हरलेली असे, आणि दहा वाजता बाजारात बोंबील मांडून बसलेली असे, वर गुजराती गिऱ्हाइकाशी गुजरातीत हुज्जत घालत. तिचं पहिलं वाक्य म्हणजे तिचा निर्णय असं जे समजत ते फसत. बाबांच्या बाबतीत माणसं वेगळ्या तऱ्हेने फसत. बाबांना ओहोटीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर भरतीला येई. जेवताना आई आजचे प्रश्न विचारी आणि बाबा कालच्या प्रश्नांची उत्तरं देत, आणि आम्हाला त्यात काही विचित्र वाटत नसे. एकदा आगर गावचे मामा जेवायला होते. त्यांनी विचारलं, "भावोजी, पोरींना किती शिकवायचा इचार हाय?" बाबांनी घास गिळला आणि म्हणाले, "दोन बांबू बदलले की झालं." मामांचा हात ताटातच थांबला. ते उत्तर खरं म्हणजे सकाळच्या प्रश्नाचं होतं. बोंबील सुकवायला अंगणापलीकडे बांबूची वलांडी उभी होती, ती एका अंगाला कलली होती आणि आईने तिचं काय करायचं म्हणून विचारलं होतं. मामांच्या प्रश्नाचं उत्तर दोन दिवसांनी आलं, तेव्हा मामा कधीच घरी पोचले होते. "शिकतील तितकं," बाबा म्हणाले. हे कशाबद्दल, हे आठवायला आम्हाला थोडा वेळ लागला.

देवकी माझी थोरली बहीण, दोन वर्षांनी मोठी. ती होडीतली, पण मुलगी म्हणून जन्मली त्यामुळे किनाऱ्यावर राहिली. मी आईची, पक्की किनाऱ्यावरची, फरक एवढाच की आई बोलता बोलता कोणाला काय वाटेल याचा विचार करी आणि मी कोणाचं कुठे चुकतंय याचा. देवकीची सगळी अक्कल तिच्या हातात होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते वलांडीवर टांगायचे असतात. त्या कामात तिचे हात असे चालत की शेजारच्या बायका बोलणं थांबवून बघत. बोंबील वाळला की नाही ते नुसता चिमटीत धरून ती सांगे, म्हणजे सांगत नसे, उतरवायचा तो उतरवून पाटीत टाके आणि बाकीचे ठेवी. माझं शाळेत काही बिनसलेलं असलं, की मी तोंड उघडायच्या आत रात्रीच्या कालवणातला जाड तुकडा माझ्या ताटात आलेला असे. तिला विचारलं, "कसं कळलं?" तर ती खांदे उडवी.

आणि मी तिची जीभ होते. दुकानदाराने तिला काही विचारलं, की ती माझ्याकडे बघे आणि मी बोले. गुरुजींनी विचारलं, पाहुण्यांनी विचारलं, की तेच. "देवकीला काय म्हणायचंय..." अशी माझी वाक्यं सुरू होत. ती कधी एकटी वाण्याकडे गेली तर वाणी विचारी, "काय गो, तोंड घरी ठेवून आलीस काय?" आम्ही सगळेच हसत असू, देवकीही हसे. मला त्याचा अभिमान होता. मला वाटे, बहिणीवर याहून जास्त माया कोण करणार!

हे सगळं आता आठवायचं कारण रिद्धी. ती आमच्या चुलतभावाची मुलगी, डहाणूच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकते. मागच्या आठवड्यात ती मोबाइलवर एक चाचणी घेऊन आली. कोणा स्विस डॉक्टराने शंभरएक वर्षांपूर्वी माणसांच्या मनाचे प्रकार पाडले, त्यावरून पुढे ही प्रश्नावली निघाली म्हणे. रिद्धी समजावून सांगत होती. काही माणसांचा विचार बाहेर, चारचौघांत बोलता बोलता होतो आणि काहींचा आत, आणि आतल्याला बाहेर यायला वेळ लागतो. काहींना हाताला लागेल तेच खरं वाटतं, काहींना नुसता वास येतो पुढच्या गोष्टीचा. काही जण तर्काने ठरवतात, काही मायेने. मी म्हटलं, बाई गं, हे तर आमच्या आईला ठाऊक होतं, चौथी शिकलेली होती ती. मग आम्ही दोघींनी मिळून गेलेल्या माणसांची चाचणी भरली. बाबा आतले आणि वास येणारे. आई बाहेरची आणि मायेची. पण नारळी पौर्णिमेला हेच बाबा मिरवणुकीत सगळ्यांच्या वर आवाज काढून गात असत, आणि आजोबा गेले तेव्हा आई महिनाभर एक शब्द बोलली नव्हती, ते कुठल्या खणात टाकायचं ते रिद्धीला सांगता येईना. माझं उत्तर तर मोबाइलने दोन मिनिटांत दिलं, मी प्रश्न पुरता वाचायच्या आधीच बोट लावत होते. मग रिद्धीने मोबाइल देवकीच्या हातात दिला. ते पुढे सांगते. आधी काकीचं सांगायला हवं, कारण रिद्धी ही त्या काकीची नात.

काकी म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको. दोन घरं एकाच अंगणात. हसरी होती, आणि देवकीवर तिचा जीव होता, बहुधा देवकी तिचं बोलणं कधी तोडत नसे म्हणून. काकीला कळा लागल्या ती दुपारची वेळ होती. समुद्र दूर ओसरला होता आणि सुरूच्या बनातून सतत आवाज येत होता. बाळंतपणं तेव्हा घरीच होत. सुईण आली, शेजारच्या बायका आल्या, आणि लग्न न झालेल्या पोरींनी आत जायचं नाही हा नियम मोडून काकीने देवकीला पायाशी बसवून घेतलं. मी बाहेर होते. सोळा वर्षांची होते, पण अंगणातली सगळी व्यवस्था मी हातात घेतली होती. चूल पेटव, कपडे आण, पोरांना बाहेर काढ, असा माझा हुकूम चालला होता. मुलगा झाला, तोच रिद्धीचा बाप. आतून "सुटली गो, सुटली!" असा गलका उठला, आईने साखर वाटायला घेतली. मधेच देवकी दारात आली तेव्हा मी तिला गरम पाणी आणायला पिटाळलं. संध्याकाळी भरतीचं पाणी वर चढलं तेव्हा काकी गेलेली होती. बायका ऊर बडवत होत्या. देवकी कोपऱ्यात बाळाला लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून बसली होती आणि रडत नव्हती. पुढे कितीतरी दिवस ती रडली नाही, आणि मी सगळ्यांना सांगत होते, आमची देवकी बघा किती धीराची.

त्यानंतर दोन महिन्यांनी एका संध्याकाळी देवकीने आईच्या रिकाम्या पाटीत एक कागद आणून ठेवला. तलासरीला एका लहानशा दवाखान्यात मुलींना बाळंतपणाचं आणि शुश्रूषेचं शिक्षण देणार होते. दोन वर्षं तिथेच राहायचं, मग तिथेच काम. आमच्या किनाऱ्याकडून एकच मुलगी घेणार होते. आईने कागद माझ्याकडून वाचून घेतला आणि लगेच म्हणाली, "नाय. तिकडं डोंगरात कोण हाय आपलं?" मग तिला आठवलं की देवकीने आजवर एक रिबीनही मागितलेली नाही. मग म्हणाली, "पन लोक काय म्हनतील?" आणि मग, "लोकांचं काय, लोक काकीच्या वेळी काय करू शकले?" चुलीवरचा भात होईपर्यंत देवकीचं जाणं ठरलं होतं. दोन दिवसांनी बाबा जाळं खांद्यावर घेऊन निघताना उंबऱ्यात थांबले आणि म्हणाले, "जाऊ दे तिला." आई म्हणाली, "ते कवाच ठरलंय!" आणि मग मला म्हणाली, "तू जा गो हिच्यासंगती. ही तिथं जाऊन खांबासारखी उभी ऱ्हाईल."

आम्ही एसटीने गेलो. समुद्र मागे पडला, चिकूच्या वाड्या संपल्या, मग ताडाची झाडं आणि लाल माती. देवकीने केसांना इतकं तेल लावलं होतं की तिच्या परकर-पोलक्याचं नवं कापडही मला त्या तेलाच्या वासासकट आठवतो. दवाखान्याच्या ओसरीवर बायका लेकरं घेऊन बसल्या होत्या, आपल्या बोलीत हळू हळू बोलत होत्या. आत टेबलामागे एक साठीच्या बाई होत्या. मूळच्या गुजराती, सगळे त्यांना बेन म्हणत. चेहरा थकलेला आणि भला. नाव विचारलं, देवकीने सांगितलं. शिक्षण विचारलं, तिने 'दहावी' म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "रक्त बघून घाबरतेस?"

देवकी टेबलावरच्या स्टीलच्या तबकाकडे बघत राहिली. मी तीन आकडे मोजले असतील. "नाही घाबरत, बेन," मी म्हटलं, आणि काकीची सगळी हकीकत सांगितली. सगळ्या बायका रडत होत्या पण ही कशी हलली नाही, हिनेच बाळाला कसं सांभाळलं, सगळं. बेन ऐकत होत्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि देवकीकडे वाकून विचारलं, "तुला हे काम का शिकायचं आहे, बेटा?"

आता जे लिहिते आहे ते मी बरीच वर्षं कोणाला सांगितलं नाही. देवकीचे ओठ उघडले होते. मी ते पाहिलं. तिने श्वास आत घेतला होता आणि मान वर केली होती. आणि मला वाटलं, ही अडखळेल, हिची संधी जाईल, आणि मी बोलले. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत मला बक्षीस मिळालं होतं, त्याच चालीवर बोलले. आमच्या गावातल्या बायकांचे हाल, सेवेची आवड, लांबचं बघणारे वडील. माझा आवाज मला फार छान वाटत होता. देवकीचे ओठ पुन्हा मिटले. बेननी विचारलं, "आणि तू ग? तू किती शिकलीस?" मी म्हटलं, यंदाच दहावी झाले. "छान," बेन म्हणाल्या आणि त्यांनी काहीतरी लिहिलं. परत येताना मी सगळा वेळ बडबडत होते, कारण काम फत्ते झालं होतं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. त्यात माझं नाव होतं. थोरली बहीण फार अबोल वाटली, बाळंतिणीशी बोलता यायला हवं, तेव्हा धाकटीला पाठवावं, असं बेननी घरच्या माणसाला लिहावं तसं लिहिलं होतं.

आई आधी म्हणाली, "हे काय भलतंच!" मग म्हणाली, "पन एक तरी पोर जाते हाय ना." मग पदराला हात पुसत, जरा दुखऱ्या आवाजात, "बोलेल त्याचा वाटा, बाय. मी काय नवीन सांगते?" देवकीने माझ्या हातातून पत्र घेतलं, दोनदा वाचलं, घडी घातली. मी विचारलं, "देवकी, मी काय करू?" ती म्हणाली, "जा तू." आणि वलांडीकडे निघून गेली. झालं, सगळ्यांना वाटलं मिटलं. मलाही. आणि मला आनंद झाला होता. तो लपवून आता काय करायचंय? मी मनात नर्सच्या पांढऱ्या साडीत स्वतःला बघत होते. माझ्याकडे कारणंही तयार होती. मी काही तिची जागा घेतली नव्हती, बेननी निवडलं होतं. मी तर तिच्यासाठीच बोलत होते. तर्कात मी कधीच कच्ची नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाबा अंगणात फाटलेलं जाळं शिवत बसले होते. मी जाळ्याचं दुसरं टोक धरून बसले आणि तलासरीबद्दल बोलत राहिले. ते सुई घालत होते, ओढत होते, गाठ मारत होते. पुष्कळ वेळाने त्यांनी विचारलं, "तिला इचारलंस?"

"विचारलं की. ती म्हणाली, जा तू."

"कवा इचारलंस?"

"काल. पत्र आलं तेव्हाच."

बाबांनी दाताने दोरा तोडला. "मग अजून उत्तर आलं नाय," ते म्हणाले आणि पुढचं भोक शिवायला घेतलं.

मी तिथून उठले तेव्हा मला त्यांचा राग आला होता. 'जा तू' हे उत्तर नाही तर काय? पण त्या रात्री मी देवकीच्या शेजारी पडले असताना मला पहिल्यांदा असं वाटलं, की बाबांना कोणी घाईने विचारलं की तेही असंच काहीतरी समोरच्याच्या हातात देऊन मोकळे होतात, "बरं", "बघू", "जा". ते उत्तर नसतं. माणूस समोरून हलावा म्हणून दिलेलं असतं. मी ठरवलं, थांबायचं. मी तिला पुन्हा विचारलं नाही, नुसती तिच्या आसपास राहिले. तीन दिवस. माझ्या आयुष्यात मी इतकं अवघड काही केलं नाही. जेवताना वाक्य जिभेवर येई आणि मी त्यावर भाकरीचा तुकडा ठेवी. तिच्याबरोबर बोंबील टांगले, पाणी आणलं, काकीच्या बाळाला तिच्यासोबत झोके दिले. आईने दुसऱ्या दिवशी माझ्या कपाळाला हात लावून पाहिलं, "हिला ताप तर नाय?"

तिसऱ्या दिवशी आम्ही वलांडीवरून सुके बोंबील उतरवत होतो. ऊन कलतं होतं. देवकी माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला जायचं होतं, जमू."

माझ्या तोंडात शंभर वाक्यं आली. मी पाटी घट्ट धरून उभी राहिले. तिने आणखी चार-पाच जोड्या उतरवल्या. मग म्हणाली, "अजून जायचंय."

मी पहिल्या वाक्यावर बोलले असते, तर हे दुसरं मला कधी ऐकू आलं नसतं. पुढे डहाणूच्या शाळेत मी तीस वर्षं शिकवलं. मुलाला प्रश्न विचारला की मनात वीस आकडे मोजायची सवय मी त्या दिवशी लावून घेतली. वीसपर्यंत मोजल्यावर वर्गातली मागच्या बाकावरची मुलं काय काय बोलतात ते ऐकण्यासारखं असतं.

आम्ही पुन्हा तलासरीला गेलो, न बोलावता. बेननी मला पाहून "आलीस?" म्हटलं. मी म्हटलं, "बेन, मागच्या वेळी सगळं मीच बोलले. तिला बोलू दिलं नाही. तोच प्रश्न तिला पुन्हा विचारा आणि कृपा करून थांबा. मी काही बोलणार नाही." बेननी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग देवकीकडे. म्हणाल्या, "बोल बेटा. का शिकायचं आहे?"

मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. पंखा फिरत होता. ओसरीवर कोणाचं तरी मूल रडलं आणि गप्प झालं. देवकी तबकाकडे बघत होती. बेननी पेनाला टोपण लावलं तेव्हा मला वाटलं संपलं, पण त्या नुसत्या मागे टेकून बसल्या. आणि देवकीने मान वर केली.

"काकीचे पाय मी धरले होते," ती म्हणाली. "सगळ्या म्हणत होत्या, सुटली. पाय गार पडत होते. खालचा कपडा भिजत होता, रक्त थांबत नव्हतं. मला कळलं. सांगायला म्हणून दारात आले. शब्द जमेपर्यंत पाणी आणायला पाठवलं मला. पाणी घेऊन आले तवर..." ती थांबली. बेनही थांबल्या. "मला बोलायला वेळ लागतो, बेन. कळतं लवकर. कळल्यावर हातानं काय करायचं, ते मला शिकवा."

पाणी आणायला कोणी पाठवलं, ते तिने सांगितलं नाही. त्या खोलीत ते फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं. हीच हकीकत मी तीन आठवड्यांपूर्वी याच खुर्चीत बसून, हातवारे करून, तिच्या धीराचा दाखला म्हणून सांगितली होती. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. बेननी डोळ्यावरचा चष्मा काढून पुसला. त्या तेव्हा देवकीशी काय बोलल्या ते मला आठवत नाही. मी ऐकतच नव्हते. एवढं आठवतं की पुढच्या सोमवारी सामान घेऊन यायचं ठरलं, आणि बेननी दिलेल्या सामानाच्या यादीवर नाव देवकीचं होतं.

सोमवारी डहाणू रोडच्या स्टँडवर एसटी उभी होती. आईने सुक्या बोंबलाची चटणी इतकी बांधून दिली होती की सगळी गाडी वासाने भरली आणि कंडक्टर कुरकुरत होता. आई खिडकीतून सूचना देत होती आणि मोडून परत देत होती. बाबा खांबाला टेकून उभे होते. गाडी सुरू झाली तेव्हा मी आईला बाजूला सारून खिडकीशी गेले. "देवकी, दारात मीच तुला पाणी आणायला पाठवलं. माझं चुकलं गो. मला माफ करशील?" तिने माझ्याकडे पाहिलं. ओठ उघडले. आणि गाडी गेली.

ते उत्तर मी पुन्हा मागितलं नाही. तिने तलासरीत जन्मभर काम केलं. किती बायकांचे पाय तिच्या हातात आले ते तिने मोजलं नाही आणि मीही विचारलं नाही. एवढं ऐकलं की ती खोलीत आली की बायकांचा आरडाओरडा आपोआप उतरे. ती सुट्टीला येई, आम्ही मासे साफ करत बसू, मी बोले, ती ऐके. माझं लग्न झालं, ती एकटी राहिली, माझे यजमान गेले, ती निवृत्त होऊन नरपडला आली. आता आम्ही दोघी एका घरात राहतो. पुन्हा विचारणं म्हणजे घाई करणं, असं मी स्वतःला समजावत आले. खरं सांगायचं तर भीतीही वाटे. ती 'नाही' म्हणाली असती तर तेही विचारपूर्वकच म्हणाली असती.

तर मागच्या आठवड्यात रिद्धीने मोबाइल देवकीच्या हातात दिला. पहिला प्रश्न देवकी इतका वेळ वाचत राहिली की काच काळी झाली. रिद्धीने बोट लावून उजेड केला. पुन्हा काळी झाली. सहा प्रश्नांना अर्धा तास गेला. सातवा प्रश्न रिद्धीने मोठ्याने वाचला, "जुनं दुखणं मनातून काढून टाकायला तुम्हाला वेळ लागतो का?" काच तीनदा विझली. "मोठी आत्या, मी भरू का तुझं?" असं म्हणून रिद्धीने बोट पुढे केलं. "नाही," मी म्हटलं, "थांब." माझ्या आवाजाने ती दचकली.

देवकीने मोबाइल मांडीवर ठेवला. खिडकीतून सुरूच्या झाडांकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून, कालच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं तसं म्हणाली, "पाणी तर लागणारच होतं गो, जमू. बाळाला पुसायला."

रिद्धी आळीपाळीने आमच्याकडे बघत होती. देवकी काही बोलली की तिचा अर्थ मी सांगायचा ही घरातली रीत तिलाही माहीत आहे, त्यामुळे तिने मलाच विचारलं, "धाकटी आत्या, कसलं पाणी?"

मी वीसपर्यंत मोजलं, आणखी वीस मोजले. रिद्धी, तुझ्या आजीला मी पाहिलं होतं, आणि तू विचारलंस त्याचं उत्तर द्यायला मला आठ दिवस लागले. ते हे.